काळ्या यादीतली ओळ

यादी रिकामी होती.

सकाळचे नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. तिने पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा टिचकी मारली. एरवी तिथे पंधरा-सोळा नावांची गर्दी असायची. घरचं नेटवर्क सगळ्यांत वर, खाली शेजारीपाजारी, समोरचा दवाखाना, वरच्या मजल्यावरचे भांडकुदळ. आज एकही नाव नाही. वाय-फाय हा शब्दच मेनूतून उडाला होता, जणू या यंत्राने असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सोमवारी हेच झालं होतं. गुरुवारीही हेच. आज मंगळवार.

स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. एका बाजूला पिंप, दुसऱ्या बाजूला जुन्या गाद्यांचा ढीग, मधे हे टेबल. यंत्र दिराचं, जुनं. त्यानेच त्यात लिनक्स घालून दिलं होतं. या यंत्रावर ती डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे अहवाल ऐकून टाइप करायची. लेक झाल्यावर सुटलेली नोकरी दीड वर्षाने पुन्हा हाताला लागत होती, तीही एक महिन्याच्या परीक्षेवर. दहाच्या ठोक्याला हजेरी लागली नाही की लाल शेरा. दोन पडले होते. तिसरा पडला की सगळं आटोपलं.

फोनचं नेट देऊन भागणार नव्हतं. कंपनीचं दार फक्त घरच्या जोडणीला उघडायचं. राउटर पुढच्या खोलीत, छताला टेकलेला. तिथपर्यंत पोचेल अशी वायर घरात नव्हती.

घरात कुणीच नव्हतं. नवरा साडेआठला गेला होता. सासूबाई नेहमीप्रमाणे नऊ वाजता पिल्लूला घेऊन बागेत गेल्या होत्या, सूनबाईला शांतपणे काम करता यावं म्हणून.

तिने मैत्रिणीला फोन लावला. ही कॉलेजपासूनची मैत्रीण, आता त्याच कॉलेजच्या संगणकांची देखभाल करायची. सगळे तिला लॅबवालीच म्हणत.

"गेलं," ती म्हणाली.

"परत? लॉगिन कितीला?"

"दहाला. सतरा मिनिटं उरलीत. मला काही सुचत नाहीये गं."

"रडायला दुपारी वेळ काढू. फोनवर घरचं वाय-फाय दिसतंय का?"

"दिसतंय. चांगलं येतंय."

"म्हणजे राउटर निर्दोष. डोंगल जागेवर आहे?"

ती टेबलाखाली वाकली. वाय-फाय पकडणारं ते बोटाच्या पेराएवढं डोंगल यंत्राच्या पाठीत घट्ट बसलेलं होतं. "आहे. पण त्याचा दिवा लागलेला नाही."

"टर्मिनल उघड, हुकूम लिहायची ती खिडकी. आता lsusb लिही, एंटर मार. काय काय दाखवतंय?"

"कीबोर्ड... माउस... आणि हे डोंगल. नावानिशी."

"म्हणजे यंत्राला ते दिसतंय. आता rfkill list. कुणी रेडिओचा खटका बंद केलाय का पाहू."

"काहीच येत नाही. रिकामी ओळ."

"खटका बंद नाही, खटकाच नाही. थांब. lsmod लिही. त्या लांबलचक यादीत मी सांगते ते नाव शोध."

तिने शोधलं. दोनदा शोधलं. बोट पडद्यावर ठेवून, पिल्लूला चित्रं दाखवताना फिरवते तसं एकेका ओळीवरून खाली आणलं.

"नाही."

"सापडलं बघ दुखणं. डोंगल दारात उभं आहे, पण त्याला ओळखणारा ड्रायव्हर आत नाही. आपण त्याला हाताने आत घेऊ. sudo modprobe, आणि तेच नाव. पासवर्ड येतो ना?"

"पिल्लूची जन्मतारीख. घरात सगळ्यांना येतो."

एंटर. टेबलाखाली निळा दिवा लुकलुकला. मग पडद्याच्या कोपऱ्यात एकेक नाव उगवू लागलं. दवाखाना. भांडकुदळ. आपलं.

नऊ छप्पन्न.

"आलं!"

"आता हजेरी लाव आणि मग नीट ऐक," लॅबवाली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ड्रायव्हर मुकाट्याने चढला, म्हणजे तो बिघडलेला नाही. यंत्र सुरू होतं तेव्हा तो आपोआप चढायला हवा. आज चढला नाही, कारण त्याला कुणीतरी मनाई केली आहे. अशा मनाईची एक फाइल असते, काळी यादी म्हणतात तिला. त्यात नाव पडलं की यंत्र सुरू होताना त्या ड्रायव्हरला हाक मारत नाही."

"कुणीतरी म्हणजे?"

"म्हणजे माणूस, बाई. यंत्र आपणहून आपल्याच ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत घालत नाही."

हजेरी लागली. लगेच टीमच्या मॅडमचा निरोप आला. शब्दांत राग नव्हता, तेच जास्त भीतिदायक होतं. *मागच्या दोन गैरहजेऱ्यांचं कारण आज संध्याकाळी सातच्या आत लेखी द्या. यंत्रात दोष असल्यास दुरुस्त झाल्याचं कळवा. यंत्र दुसऱ्या कुणी हाताळलं असल्यास मात्र काम पुढे चालू ठेवता येणार नाही. रुग्णांची माहिती आहे, तुम्ही तसं लिहून दिलेलं आहे.*

तिने तो दोनदा वाचला आणि पहिला अहवाल लावला. कानात कुठलेसे डॉक्टर कुणाच्या तरी फुप्फुसाबद्दल बोलत राहिले. बोटं चालत होती. मन दुसरीकडे होतं.

महिनाभरापूर्वी नवरा म्हणाला होता, "बघ महिनाभर. नाही जमलं तर सोड, काय एवढं?" त्या 'काय एवढं' पाशी तिचं मन पुन्हा पुन्हा जाऊन अडकत होतं.

साडेअकराला दार वाजलं. सासूबाई पिल्लूला कडेवर घेऊन आल्या, चपला काढता काढता आत डोकावल्या.

"झालं का सुरू?"

"हो आई. झालं."

"असं होय," त्या म्हणाल्या. क्षणभर यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या, मग स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. सामानाची यादी. १० साखर, २० साबण, ३० पिल्लूचे डायपर. आणि आता दहा-विसाच्या मधे, बारीक अक्षरात, १५ मीठ. नवरा या यादीची नेहमी थट्टा करायचा, "आईची लिफ्ट मधल्या मजल्यांवर थांबतच नाही." सासूबाई हसायच्या. उत्तर देत नसत.

सव्वाबाराला कामाची मधली सुट्टी असे. रोज त्या वेळात ती पिल्लूला भरवायची आणि आतल्या खोलीत घेऊन झोपवायची. आज ती उठली नाही.

"आज तू नाही निजवत तिला?" सासूबाई दारात होत्या.

"थोडं काम राहिलंय. आज तुम्हीच निजवा ना."

"तिला तुझी सवय आहे."

"एक दिवस, आई."

सासूबाई दारात जरा रेंगाळल्या. मग पिल्लूची कुरकुर आतल्या खोलीकडे गेली.

तिने दार लोटलं आणि हळू आवाजात लॅबवालीला गाठलं. काळ्या यादीची फाइल सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. शेवटच्या ओळीत तिच्या डोंगलच्या ड्रायव्हरचं नाव होतं. शेजारीच त्याच फाइलची दुसरी प्रत, नावापुढे ठिपका आणि आकडा: 30. या प्रतीत ती शेवटची ओळ नव्हती.

"आधी प्रत काढून ठेवली आणि मग मूळ फाइलीत ओळ घातली," लॅबवाली म्हणाली. "व्यवस्थित माणूस आहे. वरचा बाण दाब, आधीचे हुकूम दिसतील."

"दिसत नाहीत. पुसलेत."

"पुसू देत. sudo लावून, म्हणजे पासवर्ड देऊन, दिलेला प्रत्येक हुकूम यंत्र स्वतःच्या रोजनिशीत वेगळा टिपून ठेवतं. पुसणाऱ्याला ते माहीत नसावं. मी सांगते तसं विचार."

रोजनिशी उघडली. तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

रविवार, संध्याकाळी आठ अकरा. फाइलची प्रत काढली, नाव 10. मग ed.
सोमवार, दुपारी बारा बेचाळीस. 10 ही प्रत परत मूळ जागी.
बुधवार, आठ बारा. प्रत 20. ed.
गुरुवार, बारा चाळीस. 20 परत जागी.
काल सोमवार, आठ नऊ. प्रत 30. ed.

परत ठेवल्याची नोंद अजून नव्हती. आता बारा तेहतीस झाले होते.

"हे ed काय आहे गं?"

फोनवर लॅबवाली हसली. "एड? ओळी बदलायचा एक प्रोग्राम. डायनासोर. त्यात पडद्यावर काही दिसतच नाही, ओळीचा आकडा सांगायचा आणि आंधळेपणाने बदलायची. आज कोण वापरतं? आमच्याकडे एक सर होते, निवृत्त झाले."

"आणि दहा, वीस, तीस? एक, दोन, तीन का नाही?"

"मलाही तेच कोडं पडलंय. सरांना विचारून कळवते."

ती वहीकडे बघत राहिली. संध्याकाळी आठला ती पिल्लूला अंघोळ घालत असे. त्या वेळी नवरा घरात असतो. दुपारी बाराच्या पुढेही तो कधीकधी जेवायला येतो. फिरतीची विक्री, वाटेत घर लागलं की डोकावतो. गेल्या सोमवारी आला होता. संध्याकाळी त्यानेच यंत्र एकदा बंद करून सुरू केलं होतं, सगळी नावं मुकाट्याने उगवली होती, आणि तो म्हणाला होता, "बघ. हात लागावा लागतो." तिने सकाळी चार वेळा तेच करून पाहिलं होतं. ती तेव्हा स्वतःवरच चिडली होती.

तिने वही मिटली.

तिने दिराला फोन लावला. तो गेले तीन आठवडे दुसऱ्या गावी कामावर होता.

"भाऊजी, एक विचारते, खरं सांगा. तुम्ही लांबून या यंत्रात शिरू शकता ना?"

"शिरू शकतो म्हणजे? मीच वाट करून ठेवलीय, काही अडलं तर बघता यावं म्हणून. का वहिनी?"

"काळ्या यादीत डोंगलच्या ड्रायव्हरचं नाव आहे."

"अहो, एक नाव मीच घातलं होतं बसवताना. दोन ड्रायव्हर एकाच डोंगलवर भांडत होते, एकाला घरी बसवलं."

"ते नाव आहेच. आता दुसऱ्याचंही आहे."

"तुम्हाला मी वाटलो?"

"विचारतेय फक्त."

"वहिनी, मी असतो तर आधी प्रत काढून ठेवली असती? आयुष्यात मी कधी बॅकअप घेतलेला नाही, म्हणून तर माझे लग्नाचे फोटो गेले. बायको अजून ऐकवते."

ती हसली नाही. "तुम्ही ते पहिलं नाव घातलं, तेव्हा खोलीत कोण होतं?"

"सगळेच. दादा होता, तुम्ही होता, आई पिल्लूला मांडीवर घेऊन बसली होती. मी बडबडत होतो, काळी यादी म्हणजे काय, ती कुठे असते. बाकीचे जांभया देत होते."

"प्रत काढल्याचं तुम्हाला कसं कळलं? मी सांगितलं नव्हतं."

"आत्ताच शिरून बघतोय ना तुमच्याशी बोलता बोलता. ही काय, 30. ही माझी नाही, आईशप्पथ."

एकला ती पुन्हा कामाला बसली. चार वाजता लॅबवालीचा निरोप आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात पाणी पीत होती.

*सर म्हणाले, जुने प्रोग्रामर ओळींना दहा-दहाच्या टप्प्याने आकडे द्यायचे. मागाहून मधे एखादी ओळ घुसवावी लागली तर जागा असावी म्हणून. हाताला वळण लागलं की जात नाही म्हणे.*

तिने पेला ओट्यावर ठेवला. बराच वेळ ती तिथेच उभी होती.

सहाला नवरा आला. बूट काढत असतानाच ती म्हणाली, "चहा घे आणि टेबलापाशी बस. आई, तुम्हीपण या. भाऊजी फोनवर आहेत."

"कोर्ट भरलंय वाटतं," नवरा म्हणाला.

"भरलंय."

तो हसायचा थांबला. सासूबाई पिल्लूला मांडीवर घेऊन बसल्या. फोन टेबलाच्या मधे, आवाज मोठा केलेला.

"तीन वेळा माझं वाय-फाय गेलं," तिने सुरुवात केली. "तिन्ही वेळा सकाळी. म्हणून मी विचार करत होते, सकाळी घरात कोण असतं? कुणीच नाही. पण काळी यादी यंत्र सुरू होताना वाचली जाते. नाव घातलं त्या क्षणी काही होत नाही. तू वीज वाया जाते म्हणून रोज झोपताना यंत्र बंद करतोस. म्हणजे आदल्या संध्याकाळी आठला नाव घातलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मला नेटवर्क दिसणार नाही. आणि घालणारा तेव्हा खुशाल बाहेर."

"कुणी घातलं?" नवरा म्हणाला.

"आधी मला वाटलं तू."

"मी?" तो उठायलाच लागला. "माझा काय संबंध? डोकं फिरलंय का तुझं?"

"बस. तू नाहीस. गुरुवारी दुपारी बारा चाळीसला इथे कुणीतरी फाइल पूर्ववत केली, आणि तू त्या दिवशी दुपारी परगावी होतास. तुझ्या साहेबांना तिथून पाठवलेला फोटो तू मलाही पाठवला होतास."

"तरी बरं."

"मग भाऊजी. त्यांना येतं, आणि लांबून शिरायची वाट आहे. संध्याकाळचं काम ते करू शकले असते. पण दुपारचं नाही. दुपारी यंत्राला नेटवर्कच नव्हतं. ज्या यंत्राला नेटवर्क नाही, त्यात लांबून शिरणार कसं?"

"खरंच की," फोनमधून आवाज आला. "वहिनी, मानलं तुम्हाला."

"दुपारचा माणूस खुर्चीत बसला होता. मी आत पिल्लूला निजवत होते तेव्हा. तू संध्याकाळी येऊन बंद-सुरू केलंस आणि नेट आलं, ते तुझ्या हाताने नाही. तोवर फाइल जागेवर गेली होती. आज मी खुर्ची सोडली नाही, म्हणून आजची प्रत अजून तशीच आहे."

नवऱ्याने बोटांवर मोजल्यासारखं केलं. मग तो हसला. "म्हणजे उरली कोण, आई? अगं, आईला टीव्हीचा रिमोट समजत नाही."

"या माणसाने ed वापरला. तुझ्या-माझ्या पिढीत तो कुणाला येत नाही. हुकूम पुसले, पण रोजनिशी पुसली नाही, कारण जिथे ही विद्या शिकली तिथल्या यंत्रांना अशी रोजनिशी नव्हती. आणि प्रतींना आकडे दिले दहा, वीस, तीस." तिने फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला. "आणि आज आई बागेतून आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, 'झालं का सुरू?' आज गेलं होतं हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं."

पिल्लू कागदाकडे हात करत होतं. सासूबाईंनी तिचा हात अलगद मागे घेतला.

"आई?" नवरा म्हणाला.

"तीसची प्रत परत जागी ठेवायची राहिली," सासूबाई म्हणाल्या. "आज हिने खुर्ची दिली नाही."

"तुला हे... तुला कुठून येतं?"

"टेलिफोन खात्यात."

"तू तर फोन जोडून द्यायचीस!"

"तुझे बाबा सांगायचे तसं. मी डिरेक्टरी विभागात होते. सहा टर्मिनलं होती. रोज सकाळी सगळी यंत्रणा मी उठवायचे, साहेब यायच्या आधी. एका अक्षराची चूक झाली तर शहराचे नंबर बदलायचे. झाली नाही कधी." त्यांनी मान वर केली नाही. "तू कधी विचारलं नाहीस."



"पण का, आई?" सुनेने विचारलं. दिवसभर धरून ठेवलेला आवाज आता फाटला. "मी तुमचं काय केलं? पिल्लूची आबाळ होत होती का?"

"पिल्लूचं नाव पुढे केलं तर मला सोपं जाईल. पण खोटं कशाला बोलू? तिची आबाळ होत नव्हती." त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. "हा दीड वर्षाचा होता तेव्हा मी सोडली. कुणी मारून-मुटकून सोडायला लावली नाही. सगळे नुसते म्हणाले, दोन्ही होत नाही. मी मान्य केलं. चौतीस वर्षं मान्य केलं. ते खरंच असणार, म्हणून तर इतकी वर्षं गेली ना? आणि तू माझ्याच स्वयंपाकघरामागे, माझ्याच जिवावर पोर टाकून, दोन्ही करायला बसलीस. तुला जमलं असतं, तर माझं उगाचच गेलं."



"मोडलं नव्हतं मी," त्या पुढे म्हणाल्या. "प्रत ठेवली होती. यंत्र मोडायला मला जमत नाही."

"माझी नोकरी मोडत होतात."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने चहाचा कप गोल फिरवला. मग घड्याळ बघितलं. "पावणेसात. तुला ते काय लिहून द्यायचंय ना? डोंगल बिघडलं होतं, लिही. बदललं, लिही. मिटलं. आई, तूसुद्धा ना, छुपी रुस्तम निघालीस!" तो पुन्हा हसला. या वेळी टेबलापाशी बसलेल्या दोघी बायकांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं, आणि तो चहा संपवायला लागला.

ती अडगळीच्या खोलीत गेली. काळ्या यादीतली ओळ काढली. प्रत क्रमांक 30 पुसली. मग मॅडमना लिहायला घेतलं.

खरं लिहिलं तर नोकरी जाणार होती. यंत्र दुसऱ्या कुणी हाताळलं, एवढ्या चार शब्दांत. दिवसभर तिने जे शोधलं, जोडलं, सिद्ध केलं, त्यातलं एक अक्षरही ती कुणाला सांगू शकत नव्हती.

*डोंगलमध्ये दोष आढळला. दुरुस्त करण्यात आला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.*

सहा सत्तावन्नला तिने ते पाठवलं. सात एकला उत्तर आलं. *ठीक. उद्या दहाला.*

दारात पावलं थांबली. सासूबाई होत्या, खांद्यावर पेंगुळलेलं पिल्लू.

"काय लिहिलंस?"

"डोंगल खराब होतं म्हणून."

"माझं नाव?"

"नाही घातलं."

तिला वाटलं, त्या सुटल्यासारख्या होतील. सासूबाईंचा चेहरा मात्र काहीतरी हातातून निसटल्यासारखा झाला.

"निदान कुठेतरी एकदा लिहून राहिलं असतं," त्या म्हणाल्या, "की मला येतं."

रागही आता तिला नीट धरता येईना. उद्या दहाला पिल्लू याच बाईकडे द्यायचं होतं. दुसरं कोण होतं?

तिने पासवर्ड बदलायची खिडकी उघडली. जुना टाकला. नव्याच्या चौकटीत बोटं नेली, आणि थांबली.

सासूबाईंनी, कुणी न सांगता, पाठ फिरवली.